उभ्याने खाणारी राणी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांना वाटा थोड्या होत्या आणि नद्यांना पूल नव्हते. अशाच एका डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य लहान, पण भरलेलं. ओढ्याकाठी भाजीचे वाफे, उतारावर नाचणी, खाली सपाटीला भात, आणि घरोघरी मागच्या दारी एखादं तरी दुभतं जनावर.

त्या राज्याला एक राजा होता, एक राणी होती आणि त्यांना शेवंती नावाची एकुलती एक लेक होती. राजाचा एक नेम होता. ऊन डोक्यावर आलं की एकदा आणि दिवे लागायच्या आत एकदा, अशी दोनदा राजवाड्यात पंगत बसायची. राजा, राणी आणि शेवंती तर बसतच, पण दिवाणजी आणि पहाऱ्यावरून सुटलेले शिपाईही त्याच ओळीत बसत. भिमाक्का नावाची जुनी स्वयंपाकीण होती. ती शेवटच्या पानावर भाकरी वाढून पदराला हात पुसायची, तेव्हा कुठे राजा पहिला घास उचलायचा. जेवण साधंच असे. भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक, आणि सणावाराला काही गोड. पण जेवताना कुणी घाई करायची नाही आणि कुणी कारभाराचं बोलायचं नाही.

एका पावसाळ्यात नदी फुगली. बंधाऱ्याला भेग पडल्याची खबर आली. राजा तो बघायला गेला आणि खालची माती सरकली. माणसं दोर टाकेपर्यंत पाण्यानं त्याला ओढून नेलं होतं.

दिवसकार्य झालं. सुतक फिटलं. शेवंती लहान होती, म्हणून राज्याचा भार राणीवर आला. त्या दिवशी भिमाक्कानं पुन्हा स्वयंपाकघरात चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या आणि हाताला वळण होतं तसे ओळीनं पाट मांडले. राजाचाही पाट मांडला गेला. राणी दारात आली. तिनं त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि तिथूनच मागे फिरली.

"मला भूक नाही," ती म्हणाली. "मला सदरेवर जायचंय. तिकडेच काहीतरी पाठव."

भिमाक्कानं ताट झाकून सदरेवर पाठवलं. राणीनं त्यातला लाडू उचलला, उभ्यानंच खाल्ला आणि बाकीचं ताट तसंच परत आलं.

त्या दिवसापासून राणी पाटावर बसली नाही.

ती कशावरच फार वेळ बसेना. सकाळी उठली की बंधाऱ्यावर. तिथून कोठारावर, कोठारावरून वेशीच्या चौकीवर. आभाळात एवढासा ढग दिसला की घोडा मागवायची. कुणी जोरात दार लोटलं की दचकायची. निरोप घेऊन आलेल्या माणसानं तोंड उघडायच्या आधीच विचारायची, "काय झालं? कोण गेलं?" राजा जे एकदा बघायचा ते ती दहादा बघायची. पायाला भिंगरी लावल्यागत ती फिरत होती, आणि फिरताना खात होती.

एक दासी पितळी डबा घेऊन तिच्या मागे असे. डब्यात शंकरपाळे, गोड शेव, तळलेल्या पुऱ्या, बुंदीचे लाडू. हात घातला की लगेच तोंडात जाईल असं सगळं. ढग दिसला की राणी डब्यात हात घाली. घोडा चढताना एक बकाणा, उतरताना एक. न्यायनिवाडा करताना दोन्ही बाजूंची माणसं तावातावानं बोलू लागली की तिचा हात आपोआप डब्याकडे जाई. पोटाला भूक लागली म्हणून ती खात नव्हती. छातीत काहीतरी पोकळ वाजायचं, ते वाजू नये म्हणून खात होती. आणि घास संपला की ते पुन्हा वाजायचं.

भिमाक्का दोन वेळा चूल पेटवायची. दोन वेळा पाट मांडायची. पण राणी नाही तर दिवाणजींना पाटावर बसायला संकोच वाटू लागला. ते घरी जेवू लागले. मग शिपायांनीही पुरचुंडी बांधून पहाऱ्यावरच काहीबाही चघळायला सुरुवात केली. उरली शेवंती. लहान पोर एकटी ओळीत किती दिवस बसणार? एक दिवस तीही ताट सोडून आईच्या मागे धावली आणि डब्यात हात घालून उभी राहिली. राणीनं पाहिलं. तिला बरंच वाटलं.

"खा बाळ," ती म्हणाली. "पोटभर खा."

आणि शेवंती खाऊ लागली. आईबरोबर फिरताना, खेळताना, झोपताना उशाशी. कुणी विचारलं, पोरगी जेवली का, तर दासी हसून सांगत, "जेवली का म्हणजे? सारखं तोंड चालू असतं!"

असं करता करता बराच काळ गेला.

राणीला आता पायऱ्या चढताना धाप लागायची. तोंडात फोड यायचे. अंग जड झालं होतं आणि त्यात ताकद मात्र नव्हती. रागही लवकर यायचा. ती म्हणायची, ही सगळी काळजीची करणी आहे. शेवंतीचे गाल फुगलेले दिसायचे, पण ओठ पांढरे. केस राठ झाले होते. हाताची कातडी भेगाळलेल्या मातीसारखी खरखरीत. पोर खेळता खेळता मध्येच भिंतीला टेकून बसायची. राणीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं लक्ष ढगांकडे होतं.

एकदा दिवेलागणीच्या सुमारास राणी बंधाऱ्यावरून परतली. अंगणात अजून उजेड होता. गोठ्याकडून गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. आईची चाहूल लागून शेवंती पायरी उतरली. राणीनं तिला घ्यायला दोन्ही हात पसरले.

शेवंती तिच्या शेजारून पुढे निघून गेली.

दोन पावलं पुढे जाऊन ती थांबली. हात पुढे करून चाचपू लागली.

"आईसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही कुठं आहात?"

राणी हाताच्या अंतरावर उभी होती.

त्या संध्याकाळी राजवाड्यात एकच धावपळ उडाली. दासींना विचारलं तेव्हा कळलं, की बरेच दिवस पोर अंधारू लागलं की भिंत धरून चालायची, उंबऱ्याला अडखळायची. सगळ्यांना वाटलं, खेळतेय. दिवसा तिला नीट दिसायचं. सूर्य कलला की सगळं पुसून जायचं.

कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं करणी आहे. आणि कुणीतरी राणीच्या कानाशी लागून म्हणालं, "स्वयंपाकघर ओस पडल्यापासून भिमाक्का धुसफुसत असते. अन्नातून काही गेलं नसेल ना?"

ज्याचं चित्त थाऱ्यावर नाही त्याला कुठलाही संशय खरा वाटतो. राणी तडक स्वयंपाकघरात गेली.

"भिमाक्का, माझ्या लेकीला काय खाऊ घातलंस?"

भिमाक्का चुलीपुढून उठली. "मी? राणीसाहेब, पोरीनं माझ्या हातचा घास शेवटचा कधी खाल्ला ते तरी आठवतंय का तुम्हाला?"

पण राणीनं त्या बोलण्यातलं खरं ऐकलं नाही, फक्त उलट उत्तर ऐकलं.

"चालती हो," ती म्हणाली. "पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस."

भिमाक्कानं चुलीवर पाणी शिंपडलं. आपलं लुगड्याचं गाठोडं घेतलं आणि मागच्या दारानं निघून गेली. दारात शेवंती उभी होती. तिच्या गालावरून हात फिरवून भिमाक्का म्हणाली, "येते गं बाय."

मग वैद्य येऊ लागले. पहिल्या वैद्यांनी नाडी पाहून विचारलं, "दिवसातून किती वेळा खाते?" दासी म्हणाल्या, दहादा तरी. वैद्य म्हणाले, "कमी पडतं. अशक्तपणा आहे. दर घटकेला काहीतरी द्या." डबा मोठा झाला. शेवंतीच्या डोळ्यांना काही फरक पडला नाही.

दुसरे वैद्य आले. ते म्हणाले, "अहो, पोटाला विसावाच नाही! एकदाच खाऊ द्या. बाकी दिवसभर उपास." मग डबा दिवसभर बंद आणि सांजेला एकदा उघडायचा. पोर दिवसभर कळवळायची, आणि डबा उघडला की शंकरपाळ्यांवर तुटून पडायची. डोळ्यांना फरक नाही तो नाहीच, उलट पोर दुपारीही झोपून राहू लागली.

दोघा वैद्यांचा सदरेवर वाद जुंपला. एक म्हणे जास्त वेळा, दुसरा म्हणे कमी वेळा. आपापल्या बाजूनं त्यांनी ग्रंथ काढले. राणी एकाच्या तोंडाकडे बघे, मग दुसऱ्याच्या, आणि बघता बघता स्वतः बुंदीचा लाडू मोडी. डब्यात काय आहे ते त्या दोघांनी विचारलं नाही. राणीनंही सांगितलं नाही. डबा पुन्हा पहिल्यासारखा दिवसभर उघडा राहू लागला.

शेवटी दिवाणजी म्हणाले, "राणीसाहेब, नदीपलीकडे एक म्हातारे वैद्य आहेत. घोड्यावर बसत नाहीत, पालखीत बसत नाहीत. निरोप धाडतो. चालत येतील तेव्हा येतील."

"धाडा," राणी म्हणाली आणि उठून बंधाऱ्याकडे निघून गेली.

त्यानंतर दोन-चार दिवसांत एक विपरीत घडलं. ऊन कलू लागलं तेव्हा राणी कोठारावरून परतली, तर शेवंती खोलीत नव्हती. गोठ्यात नव्हती, बागेत नव्हती. एक दासी रडत रडत म्हणाली, "दुपारपासून विचारत होती, भिमाक्काचं घर कुठं आहे म्हणून. मी सांगितलं, नदीच्या घाटापाशी. मला काय माहीत ती एकटी निघेल!"

नदीचा घाट! राणीच्या डोळ्यांपुढे राजाला ओढून नेणारं पुराचं लाल पाणी आलं. घोडा आणायलाही ती थांबली नाही. धावतच सुटली. शिपाई मागे धावले, दिवाणजी धावले. रस्त्यातली माणसं बाजूला झाली. उजेड झपाट्यानं उतरत होता. घाटाच्या वरच्या टोकाला पोचेपर्यंत राणीची छाती फुटायला आली. खाली पायऱ्याच पायऱ्या, आणि जुन्या पुरात निम्मा घाट कोसळून गेलेला. तुटल्या कडेखाली थेट खोल पाणी.

त्या तुटक्या कडेपाशी, शेवटच्या धड पायरीवर शेवंती बसली होती.

राणीनं धाव घ्यावी तर पाय उचलेना. राज्यात सगळीकडे दिवसभर हिंडणारी बाई, आणि ज्या क्षणी धावायला हवं त्या क्षणी तिच्या अंगात ताकदच नव्हती. बसत, सरकत, भिंतीला धरत ती एकेक पायरी उतरली.

खाली आल्यावर तिला दिसलं, शेवंती एकटी नव्हती. एक म्हातारा तिच्या शेजारी बसून तिचा हात धरून होता. अंगावर घोंगडी, बाजूला काठी आणि झोळी. नावेतून उतरून तो वर निघाला होता, तेव्हा त्याला ही पोर दिसली होती.

"आईसाहेब?" शेवंती धापेच्या आवाजाकडे वळली. "मला दिसेनासं झालं. म्हणून मी हललेच नाही. बसून राहिले. मग हे आजोबा आले."

राणीनं तिला छातीशी ओढलं. तिची धाप थांबेना.

"तुम्हीही बसा, बाई," म्हातारा म्हणाला. "पोर सापडली आहे. आता कुणी कुठं जात नाही. बसा."

राणी तिथंच पायरीवर बसली. मागून दिवाणजी आले आणि त्यांनी ओळखलं. हेच ते नदीपलीकडचे वैद्यबुवा.

वैद्यबुवांनी शेवंतीची पापणी उलटून पाहिली, जीभ पाहिली, हाताच्या कातडीवरून अंगठा फिरवला. मग काही न विचारता राणीचीही जीभ पाहिली. राणीला राग आला, पण बोलायला श्वास नव्हता.

"डोळ्यांना बाहेरून काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पोर उपाशी आहे."

"उपाशी?" राणी ताडकन म्हणाली. "वैद्यबुवा, ही राजाची लेक आहे. दिवसातून दहादा खाते ती!"

"काय खाते?"

राणीनं सांगितलं. शंकरपाळे, शेव, पुऱ्या, लाडू.

"आणि भाजी?"

राणीनं शेवंतीकडे पाहिलं.

"दूध, ताक, लोणी? शेवग्याचा पाला? तांबडा भोपळा? शेवटचं कधी?"

राणी आठवू लागली. खूप मागे गेली. बंधाऱ्यांच्या, कोठारांच्या, चौक्यांच्या मागे. आठवलं ते फक्त एक झाकलेलं ताट, लाडू तेवढा उचलून परत धाडलेलं. भिमाक्काचं बोलणं तिला आत्ता ऐकू आलं.

"दहादा खाऊन उपाशी आहे," वैद्यबुवा सावकाश म्हणाले. "आणि तुम्हीही. भूक मारण्याला खाणं म्हणत नाहीत, बाई. दोन वेळा जेवा, तीन वेळा जेवा, माझं काही म्हणणं नाही. पण जेवा. पाला, भोपळा, दूध, लोणी, डाळ-भाकरी. आणि जेवताना तुम्ही तिच्या समोर बसायचं."

"मी एखाद्या दासीला सांगते..."

"दासीला सांगायचं नाही. स्वतः बसायचं." वैद्यबुवांनी काठी उचलली. "पोरीचं औषध सोपं आहे. तुमचं अवघड आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी शेवंतीचा हात धरून भिमाक्काच्या घरी गेली. डबेवालीला तिनं बरोबर घेतलं नाही. घर म्हणजे एक खोली आणि पुढे शेणानं सारवलेली ओसरी. भिमाक्का न्याहारीला बसली होती. भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार आणि कांदा. राणीला पाहून ती उठली नाही.

"अन्नावर बसलेय, राणीसाहेब. उठता यायचं नाही. बसा."

राणी जमिनीवर बसली. बाहेर कुणाची तरी गाडी खडखडत गेली, तशी ती उठायला झाली. पुन्हा बसली. हातांना काय करावं कळेना.

"तुम्ही म्हणालात, मी पोरीला विष घातलं," भिमाक्का भाकरीकडे बघतच म्हणाली.

"म्हणाले. माझं चुकलं, भिमाक्का."

भिमाक्कानं एक घास चावून संपवला. मग म्हणाली, "राजे गेले तेव्हा तुम्ही घोड्यावर बसून रडलात. मी चुलीपुढं रडले. पण मी दोन्ही वेळा पाट मांडला. कुणी येत नव्हतं तरी मांडला. वाटायचं, एक दिवस याल."

तेवढ्यात शेवंती पुढे सरकली आणि भिमाक्काच्या ताटातला भाजीचा घास तिनं न विचारता उचलला. तोंड वाकडं केलं. अंबाडी आंबट होती. मग दुसरा घास उचलला.

भिमाक्काचा चेहरा विरघळला. "थांब, तुला गुळाचा खडा देते बरोबर." मग राणीकडे वळून ती म्हणाली, "येते मी. रांधीन. पण एक सांगून ठेवते. ताट सदरेवर धाडणार नाही."

"नको धाडूस," राणी म्हणाली.

त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा राजवाड्याच्या स्वयंपाकघरातून किती तरी काळानं फोडणीचा वास आला. ओळीनं पाट मांडले गेले. राजाचा पाट हातात घेऊन भिमाक्का थांबली.

"हा मांडू, की आत ठेवू?"

राणीनं त्या पाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मांड. आणि त्यावर शेवंतीला बसव."

ताटं वाढली गेली. शेवग्याच्या पाल्याची भाजी, भोपळ्याची फोड, डाळ, गरम भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. राणीनं घास उचलला. मोकळ्या खिडकीतून आभाळ दिसत होतं. तिला वाटलं, आत्ता बंधाऱ्यावर कुणी आहे की नाही? आत्ता निरोप आला तर? छातीतलं ते पोकळ वाजू लागलं. या खेपेला तोंडात टाकायला जवळ डबा नव्हता. ती अर्धी उठली.

"आईसाहेब," शेवंती म्हणाली, "तुम्ही उठलात तर मीपण उठणार."

राणी खाली बसली. बसली आणि तिला रडू फुटलं. इतके दिवस पळून पळून जे चुकवलं होतं ते पाटावर येऊन गाठ पडलं. भिमाक्का मुकाट्यानं तिच्या पानात ताकाची वाटी ठेवून गेली. राणी डोळे पुसत जेवली, खारट घास गिळत जेवली. आणि भाकरी अर्धी झाली तेव्हा तिला एक विसरलेली गोष्ट कळली. तिला भूक लागली होती. छातीत नाही, पोटात.

एका जेवणानं काही कुणी बरं होत नाही. शेवंती पाल्यावर नाक मुरडायची, लाडूसाठी रडायची. राणीचे पाय पाटावर बसल्या बसल्या थरथरायचे. एकदा दिवाणजी जेवणाच्या वेळी धावत आले, "राणीसाहेब, तातडीचा निरोप!" राणीचा हात ताटावर थबकला. तिनं विचारलं, "कुणाच्या जिवावर बेतलंय का?"

"तसं नाही, पण..."

"मग बसा. भिमाक्का, दिवाणजींना पान वाढ."

दिवाणजी बसले. निरोप तासाभरानं ऐकला गेला आणि राज्य जागच्या जागी होतं. मग शिपायांनीही पुरचुंड्या सोडल्या आणि ओळ पुन्हा दारापर्यंत गेली.

राणीची काळजी साफ गेली असं मात्र नाही. पाऊस दाटून आला की अजूनही ती बंधाऱ्यावर जायची. पण जेवून जायची, आणि आता जाताना तिला धाप लागत नव्हती.

अशाच एका संध्याकाळी, सूर्य डोंगराआड गेल्यावर, मायलेकी जेवून अंगणात आल्या. राणी आभाळाकडे पाहत होती. शेवंतीनं एकदम तिचा पदर ओढला.

"आईसाहेब, ते बघा! काळं करडू. कुंपणातून आत शिरलंय."

राणीनं पाहिलं. तिला झुडपांचा काळोख दिसला, बाकी काही दिसेना. "कुठं गं?"

"ते काय, कण्हेरीच्या मागं! एक कान पांढरा आहे त्याचा," असं म्हणून शेवंती धावली. दगड चुकवला, भिंतीला हातसुद्धा लावला नाही, आणि काळोखातून ओरडणारं करडू उचलून आईपाशी घेऊन आली. त्याचा एक कान खरंच पांढरा होता.

राणी मटकन पायरीवर बसली. तिला कुठंच जायचं नव्हतं. तिनं लेकीला आणि करडाला एकदमच मांडीवर घेतलं आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत ती तिथून हलली नाही.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: किती वेळा खाल्लं यानं अंग भरत नाही, सकस असेल आणि स्वस्थ बसून खाल्ला असेल, तोच घास अंगी लागतो.